स्वातंत्र्याची वेस कोणी आखायची?

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर करिंथ शहरातल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मांसावरून वाद पेटला. बाजारात विकायला येणारे पुष्कळसे मांस देवळांत बळी दिलेल्या जनावरांचे असे. काही देवळांना लागून जेवणाच्या खोल्याही होत्या; करिंथच्या उत्खननात अस्क्लेपियस आणि डिमिटर यांच्या स्थानांजवळ त्या सापडल्या आहेत. घरचे कार्य असले की पंगत तिथे बसायची. मूर्तीपुढे ठेवलेले हे मांस ख्रिस्ती माणसाने खावे की नाही, हा प्रश्न होता. मंडळीतल्या एका गटाचे उत्तर तयार होते. देव एकच आहे, मूर्तीत काही नाही, मग त्या मांसाला चिकटले काय? आपल्याला सगळे मोकळे आहे, हे या गटाचे घोषवाक्यच होते. आणि करिंथ हे गावही असे की ही घोषणा तिथे सहज रुजावी. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये ते बेचिराख केले. इ.स.पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने ते पुन्हा वसवले, तेव्हा तिथे वस्तीला पाठवलेल्यांत गुलामीतून सुटलेली माणसे मोठ्या संख्येने होती. आजा-पणजाने साखळदंड पाहिलेल्या घरांत स्वातंत्र्य हा शब्द किती मोलाचा असेल, याची कल्पना करता येते.

सन ५४च्या सुमारास इफिसहून पौलाने या मंडळीला जे पत्र लिहिले, त्याचे आठ ते दहा हे अध्याय या एका प्रश्नाला दिलेले आहेत. व्यक्तीच्या स्वातंत्र्याची सीमा कोणती, यावर ख्रिस्ती परंपरेत पुढे जे बोलले गेले त्याचे बीज या तीन अध्यायांत आहे असे मला वाटते. आणि परंपरेने ते पुष्कळदा उलटे वाचले, असेही वाटते. पौल आधी स्वातंत्र्यवाद्यांचे म्हणणे मान्य करतो. मूर्ती काही नाही, हे खरे. अन्नाने कोणी देवाच्या जवळ जात नाही की दूर होत नाही. बाजारात मिळेल ते घ्या, चौकशी करत बसू नका. परधर्मीयाने जेवायला बोलावले तर पानात पडेल ते खा. यहुदी घरात, आहाराच्या कडक नियमांत वाढलेल्या माणसाने हे लिहावे ही लहान गोष्ट नाही. एवढे मान्य केल्यावर मात्र तो विचारतो, तुझ्या शेजारी बसणाऱ्याचे काय? कालपर्यंत तो त्या मूर्तीला खरोखर भजत होता. त्याच्या मनातून ती अजून गेलेली नाही. तुला देवळातल्या पंगतीला पाहून तोही बसेल, पण घास घशाखाली उतरताना त्याचे मन त्याला खात राहील. जे त्याला पाप वाटते ते तो तुझ्याकडे पाहून करील, आणि त्यात तो आतून मोडेल. असे होणार असेल तर मी जन्मात मांसाला शिवणार नाही, या निश्चयावर आठवा अध्याय संपतो.

ही मर्यादा कोणावर पडली ते नीट पाहावे. पौलाने मंडळीसाठी मांसबंदीचा नियम काढला नाही. दुर्बळ मनाच्या माणसाला त्याने हिणवलेही नाही. ज्याला मोकळीक होती, ज्याच्याजवळ ज्ञान होते, त्याच्याकडेच तो वळला. गेर्ड थाइसन या जर्मन अभ्यासकाने १९७० च्या दशकात या वादाची सामाजिक बाजू उलगडली, ती इथे महत्त्वाची आहे. त्या काळी गरिबाच्या ताटात मांस फार क्वचित पडे, आणि पडे ते बहुधा देवांच्या सार्वजनिक उत्सवात. त्यामुळे मांस आणि पूजा या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना जखडलेल्या होत्या. सधन माणूस एरवीही मांस खाई, म्हणून त्याला ते नुसते अन्न वाटू शकले. म्हणजे ज्याला करिंथकर ज्ञान म्हणत होते त्यातले काही तरी खिशातून आलेले होते. याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल संतापतो तो प्रभुभोजनाच्या वेळी ज्यांच्याकडे भरपूर आहे ते आधी खाऊन घेतात आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहतात, खाली मान घालतात, यावर. आणि मधल्या नवव्या अध्यायात तो स्वतःचे उदाहरण घालून देतो: प्रेषित म्हणून मंडळीकडून पोट भरण्याचा हक्क मला आहे, तो मी पुराव्यांनिशी सिद्ध करतो, आणि वापरत नाही. करिंथात तो तंबू बनवून पोट भरत होता. अनेकांना हा नववा अध्याय विषयांतर वाटतो. मला तो साऱ्या युक्तिवादाचा कणा वाटतो, कारण हक्क आधी पक्का करून मगच सोडता येतो. जो हक्क मुळात हातात नाही तो सोडण्याला त्याग म्हणत नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे असे की ख्रिस्ती विचारात स्वातंत्र्याला मर्यादा आहे आणि ती कायद्याच्या मर्यादेहून कडक आहे. पण ती ज्याच्या हाती सत्ता, ज्ञान किंवा मोकळीक आहे त्याने आपण होऊन स्वतःला घालायची असते. ती उचलून दुसऱ्याच्या गळ्यात अडकवली की तिचे ख्रिस्तीपण संपते.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने व्यक्तीला रोखावे, तिच्या स्वतःच्या भल्यासाठी रोखू नये, हे त्यातले सूत्र. सुशिक्षित मराठी वाचकाच्या मनात आज स्वातंत्र्याचे जे चित्र आहे ते बरेचसे या सूत्राने घडवलेले आहे. आपल्या राज्यघटनेचे एकोणिसावे कलम भाषणस्वातंत्र्य देते आणि त्यावर वाजवी निर्बंधांची परवानगी देते. पंचविसावे कलम सदसद्विवेकाचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवते. या रेषा शासनासाठी आहेत आणि तिथे त्या योग्य आहेत. देवळात जेवणारा करिंथकर मिलच्या न्यायालयात निर्दोष सुटेल. त्याने कोणाला हात लावला नाही, कोणाला खायला भाग पाडले नाही. पौलाच्या दृष्टीने तरीही काही घडले आहे, कारण माणूस इतरांपासून तोडलेला असा उभाच नसतो; त्याच्या वागण्याचा भार शेजाऱ्याच्या मनावर पडतच असतो. या भाराची जाणीव ठेवणे हे प्रेमाचे काम आहे आणि ते पोलिसाकडे देता येत नाही. शासनाने मिलच्या रेषेवर थांबावे आणि ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या बाबतीत त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे थांबावे, या दोन विधानांत मला विरोध दिसत नाही.

विरोध उपजला तो दोन्ही रेषा एक करण्यातून, आणि तो दोष ख्रिस्ती सत्तेच्या माथी आहे. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली चार वर्षे सोडता, इन्क्विझिशनचा अंमल होता. १७३६ सालच्या तिच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांनी अंगणात तुळस ठेवू नये, लग्नकार्यातल्या जुन्या चालीरीती पाळू नयेत, इतकेच काय, हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवू नये, इथपर्यंत मजल मारली. अन्नाने देवाजवळ जाता येत नाही की दूर होता येत नाही, असे लिहिणाऱ्या पौलाची पत्रे ज्या देवळांत वाचली जात होती, त्याच देवळांच्या नावाने भाताच्या हंडीवर पहारा बसला. हे निष्ठेच्या अतिरेकाने झाले, असे म्हणून सोडून देता येणार नाही. इथे मर्यादेची दिशाच फिरली होती: सबळाने स्वतःला घालायचे बंधन सबळाने दुर्बळाला घातले. कॅथलिक चर्चला ही गोष्ट अधिकृतपणे निःसंदिग्ध शब्दांत मांडायला फार काळ लागला. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २३०८ विरुद्ध ७० मतांनी धर्मस्वातंत्र्याची घोषणा मंजूर केली आणि धर्माच्या बाबतीत कोणाही माणसावर बळजबरी होता कामा नये, हे मान्य केले. त्याला आधार तेराव्या शतकापासून होता. चुकलेली सदसद्विवेकबुद्धीसुद्धा माणसाला बांधून ठेवते, तिच्याविरुद्ध वागणे हे पाप, असे थॉमस अक्वायनसने मांडले होते. पौलाचा दुर्बळ बंधू तरी दुसरा कोण? त्याचे मत चुकीचे आहे, तरी त्याचे मन मोडायचे नाही.

या साऱ्याची खरी कसोटी मराठीत झाली, आणि तीही अन्नावरूनच. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे; मराठी ख्रिस्ती माणसाने तो वाचलाच पाहिजे. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेला पदार्थही नको म्हणाल्या. सिस्टरना यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरे घालायची तर संस्कृत का नको, आमच्या लोकांना लॅटिन कुठे कळते, असे रमाबाईंनी विचारले. तत्त्वांच्या प्रश्नांवर, त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी स्वतः शास्त्र वाचून शंका काढल्या, तेव्हा आज्ञापालनाचा, नम्रतेचा धडा त्यांना देण्यात आला. रमाबाईंचे उत्तर असे की पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, दुसरे चढवून घेणार नाही. देवाने मला बुद्धी आणि विवेक दिला आहे, तो मी वापरणार. सिस्टर जेराल्डीन प्रेमळ होत्या, त्यांनी रमाबाईंच्या मुलीला आईच्या मायेने वाढवले. तरीही मर्यादेचे शास्त्र त्यांनी उलटे धरले होते. घर त्यांचे, देश त्यांचा, चर्च त्यांचे. त्या सबळ होत्या. आपले लॅटिन, आपला आहार, आपली शिस्त यांना मुरड घालायची पाळी त्यांची होती. त्याग मागितला गेला तो परक्या देशात आलेल्या विधवेकडे.

पण रमाबाईंनाही हाच गज लावून पाहायला हवा. तसे केले नाही तर युक्तिवाद सोयीचा ठरेल. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत बालविधवांसाठी शारदासदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्याला हलवले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असा शब्द होता. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्याचा रमाबाईंचा हक्क कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते, आणि दार लावून घ्या असे सांगण्याचा अधिकार पुण्याला नव्हता, हे मला मान्य आहे. पण करिंथच्या पत्राचा प्रश्न हक्काच्या पुढचा आहे. ज्या घरात एक बाई आश्रय देणारी आणि बाकीच्या आश्रित बालविधवा, त्या घरात उघड्या दाराला सुद्धा वजन असते. मुलगी आत आली ती मनाच्या ओढीने, की जिने आपल्याला जगवले तिला बरे वाटावे म्हणून, हे त्या मुलीलाही नीट सांगता आले नसते. रमाबाईंनी हा प्रश्न स्वतःला पुरेसा विचारला असे मला वाटत नाही. त्यांच्याबद्दलचा माझा आदर यामुळे उणा होत नाही; त्यांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्या मुलींसाठी ज्यांनी दारे लावून घेतली होती, त्यांची टीका मला अधिक पोकळ वाटते.

आता सर्वांत मोठा आक्षेप. दुर्बळाच्या मनाला जपायचे, तर मग सर्वांत चिडखोर माणूस साऱ्या समाजाचा मालक होणार नाही का? कोणीही उठावे, माझे मन दुखावले म्हणावे आणि इतरांची तोंडे बंद करावीत. आपल्या देशात हा आक्षेप पुस्तकी नाही. १९२७ साली दंडसंहितेत २९५अ हे कलम आल्यापासून धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारींचा इतिहास सर्वांपुढे आहे, आणि ख्रिस्ती संघटनाही नाटके-चित्रपटांविरुद्ध त्या रांगेत उभ्या राहिल्या आहेत. पौलाचे उत्तर त्याच्याच चरित्रात आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत होता; यरुशलेमकडून काही कर्मठ मंडळी आल्यावर त्यांच्या धाकाने तो पंगतीतून उठला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष खडसावले, आणि गलतीकरांना तसे लिहूनही कळवले. तीताची सुंता करा असा आग्रह झाला तेव्हा त्याने ती होऊ दिली नाही. तोच पौल तीमथ्याची सुंता स्वतः करवतो, कारण तिथे यहुदी लोकांत मिसळणे सोपे व्हावे एवढाच हेतू होता. बाहेरून कृती एकच, निर्णय दोन. फरक कशात? ठेच लागणे आणि राग येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. करिंथचा दुर्बळ माणूस पौलाच्या पत्रात तक्रार घेऊन येत नाही, कोणावर बंदी मागत नाही; तो गप्पपणे सबळाच्या मागोमाग जातो आणि पडतो. त्याला जपायचे. अंत्युखियाचे पाहुणे पडत नव्हते, ते दुसऱ्यांना पंगतीतून उठवत होते. त्यांच्या पुढे एक पाऊलही मागे घ्यायचे नाही. ज्याची तक्रार करण्याइतकी, मोर्चा काढण्याइतकी ताकद आहे त्याने स्वतःला पौलाचा दुर्बळ बंधू म्हणवून घेऊ नये. दहाव्या अध्यायात पौल विचारतोही, की माझ्या स्वातंत्र्याचा न्याय दुसऱ्याच्या विवेकाने का व्हावा? म्हणजे सवलत देताना त्याने निकालाचा अधिकार दिलेला नाही.

दुसरा आक्षेप मला याहून बोचतो. हक्क सोडा, दुसऱ्यासाठी झिजा, हा उपदेश शतकानुशतके ऐकवला गेला तो ज्यांच्याजवळ सोडण्याजोगे काही नव्हते त्यांना. मार्टिन ल्यूथरने १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहिली. श्रद्धेने माणूस कोणाचाही अंकित राहत नाही आणि प्रेमाने तो सर्वांचा सेवक होतो, असा तिचा आशय. पाच वर्षांनी मेमिंगेनच्या शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्यांत हाच धागा पकडला: ख्रिस्ताने आम्हालाही मोल देऊन सोडवले, मग आम्ही जमीनदाराची वेठ का सोसावी? ल्यूथरने त्यांचे स्वातंत्र्य आत्म्यापुरते आहे म्हणून सांगितले, आणि बंड पेटल्यावर राजांना तलवार चालवायला सांगितले. अमेरिकेतल्या व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० साली एका निबंधात दाखवले, की गर्व हे मूळ पाप आणि आत्मत्याग हा त्यावरचा उपाय, ही मांडणी पुरुषाच्या अनुभवातून आलेली आहे. जिला 'मी' म्हणायलाच शिकवले नाही तिला स्वत्व सोडायला सांगणे हे औषध नव्हे. पौलही यातून सुटत नाही. पळून आलेल्या अनेसिम या गुलामाला तो मालकाकडे परत पाठवतो; बंधू म्हणून स्वीकार असे फिलेमोनाला लिहितो खरे, पण त्याला मुक्त कर असा स्पष्ट शब्द त्या पत्रात नाही. तो असायला हवा होता. पौलाचा न्याय पौलालाच लावला तर सोडण्याची पाळी मालकाची होती, आणि ते मालकाला उघडपणे सांगणे हे पौलाचे काम होते. म्हणून आत्मसंयमाचा उपदेश करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला पाहिजे: हे तू वर पाहून बोलतोस की खाली पाहून?

हे सारे करिंथच्या बाजारात ठेवून उठता येत नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल मांसाबरोबर द्राक्षारसाचेही नाव घेतो. वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या लग्नांत दारू हा यजमानाच्या मानाचा भाग झाला आहे. दारू पिणे पाप नाही, काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, हे आपण आपल्या बाजूने सांगतो. ते खरेही आहे, जसे मूर्ती काही नाही हे करिंथकरांचे म्हणणे खरे होते. पण त्याच मांडवात कोणी तरी वर्षा-दोन वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने बाटली सोडलेली असते. 'आज एक घोट तरी' म्हणून पेला त्याच्या हातात दिला जातो, आणि तो नको म्हणाला तर त्याचे हसे होते. त्याने मनोबल वाढवावे असे सांगणे सोपे आहे. मागे सरायची पाळी त्याची नाही. येत्या हंगामात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना माझी विनंती आहे की पाहुण्यांची यादी करताना त्या एका माणसाचे नाव आधी डोळ्यांपुढे आणा, आणि मगच मांडवात काय ठेवायचे ते ठरवा.